वाचक विचारतात : ग्राउंड स्टेट किती आहेत हे मोजायचं कसं?

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच ठिकाणी अडलेले दिसले, म्हणून सगळा कॉलम त्यालाच देतेय. क्वांटम मेनी-बॉडी सिम्युलेशनमध्ये (म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या अनेक क्वांटम कणांची कॉम्प्युटरवरची आकडेमोड) सगळ्यात खालची एनर्जी काढणं आता बऱ्याच जणांना जमतं, तयार लायब्रऱ्या आहेत, पण त्या एनर्जीला एकच स्टेट (तिलाच ग्राउंड स्टेट म्हणतात) आहे की चार आहेत (एकाहून जास्त असणं म्हणजे डीजनरसी) हा प्रश्न विचारायचाच राहून जातो आणि मग पुढचे सगळे आकडे डळमळीत होतात.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी तीन स्पिन-१/२ ची हायझेनबर्ग रिंग घेतलीय, अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजारचे स्पिन उलट दिशेला राहू पाहतात), कपलिंग जे = १. लँक्झोसने (मोठ्या मॅट्रिक्सची सगळ्यात खालची एनर्जी काढायची पद्धत) एनर्जी दर वेळी बरोब्बर उणे ०.७५ येते. पण रँडम सीड बदलला की बाँडची (स्पिनच्या जोड्यांची) करिलेशन, म्हणजे जोडीतले दोन स्पिन किती एका दिशेने वळतात ते आकडे, बदलतात. पहिल्या-दुसऱ्या स्पिनमध्ये एकदा उणे ०.६ आलं आणि पुढच्या रनला अधिक ०.१. रिंगमध्ये तर तिन्ही बाँड सारखे आहेत ना? कोडमध्ये बग शोधून थकलो.

बग शोधणं थांबवा, कोड बरोबर आहे. आणि एवढी छोटी सिस्टीम निवडलीत ते फार चांगलं केलंत, कारण यात सगळं हाताने मोजता येतं.

तीन स्पिन म्हणजे एकूण आठ स्टेट. त्यातल्या चारांचा टोटल स्पिन ३/२, त्यांची एनर्जी अधिक ०.७५. उरलेल्या चारांचा टोटल स्पिन १/२ आणि त्यांची एनर्जी उणे ०.७५. म्हणजे तुमची ग्राउंड स्टेट एक नाही, चार आहेत, आणि त्या चारांचं कुठलंही कॉम्बिनेशन घेतलं तरी तीही तितकीच खरी ग्राउंड स्टेट असते. आता लँक्झोस काय करतं बघा. एक रँडम व्हेक्टर घेतं, त्यावर हॅमिल्टोनियन (सिस्टीमच्या एनर्जीचं मॅट्रिक्स) लावतं, परत लावतं, परत लावतं, आणि या सगळ्यांनी बनलेल्या स्पेसमध्ये, ज्याला क्रायलोव्ह स्पेस म्हणतात, सगळ्यात खालची एनर्जी शोधतं. तुमच्याकडे वेगळ्या आयगेनव्हॅल्यू (म्हणजे एनर्जीच्या लेव्हल) फक्त दोनच आहेत. म्हणून सुरुवातीच्या व्हेक्टरचे दोन तुकडे पडतात, एक खालच्या चारांमध्ये आणि एक वरच्या चारांमध्ये, आणि हॅमिल्टोनियन कितीही वेळा लावला तरी हे दोन तुकडे फक्त आपापल्या आकड्याने गुणले जातात, नवीन दिशा काही मिळत नाही. क्रायलोव्ह स्पेस दोन डायमेन्शनलाच संपते. तुमच्या हाती येतो तो त्या रँडम व्हेक्टरचा चार डायमेन्शनच्या ग्राउंड स्पेसवर पडलेला एकमेव तुकडा. सीड बदलला की तुकडा बदलला, एनर्जी तीच, बाकी सगळं वेगळं.

या ग्राउंड स्पेसमध्ये पहिल्या-दुसऱ्या स्पिनचं करिलेशन उणे ०.७५ पासून (ते दोघं सिंगलेटमध्ये, म्हणजे दोघांचा टोटल स्पिन शून्य, असतील तर) अधिक ०.२५ पर्यंत (ट्रिपलेटमध्ये, म्हणजे टोटल स्पिन १, असतील तर) काहीही येऊ शकतं. तुमचे दोन्ही आकडे याच्या आतच आहेत, म्हणून मी कोड बरोबर आहे म्हणतेय. तिन्ही बाँडची बेरीज करून बघा, प्रत्येक रनला ती उणे ०.७५ च येईल.

मग रिपोर्टमध्ये काय लिहायचं? चारही ऑर्थोगोनल (एकमेकींना काटकोनात असलेल्या) ग्राउंड स्टेट काढा, प्रत्येकीत करिलेशन मोजा आणि सरासरी घ्या. उत्तर उणे ०.२५ येईल, तिन्ही बाँडला सारखं, आणि सीड काहीही घेतला तरी हलणार नाही. ही सरासरी मनाला येईल म्हणून घेतलेली नाही बरं का, तापमान शून्याकडे नेलं की स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समधून नेमकं हेच मिळतं, सगळ्या ग्राउंड स्टेटना सारखं वजन, आणि उरलेली एन्ट्रॉपी म्हणजे चारचा लॉग. माझं स्पष्ट मत आहे की डीजनरेट सिस्टीममध्ये लँक्झोसच्या एका रनमधून काढलेलं करिलेशन पेपरात छापूच नये, ते सिस्टीमबद्दल कमी आणि सीडबद्दल जास्त सांगतं.

आणि अजून एक. शक्य असेल तिथे सिमेट्री वापरा. तुमच्या केसमध्ये टोटल एसझेड (सगळ्या स्पिनच्या झेड दिशेच्या भागांची बेरीज) अधिक १/२ आणि उणे १/२ असे दोन, आणि रिंग फिरवण्याचा मोमेंटम २π/३ आणि उणे २π/३ असे दोन, मिळून चार सेक्टर (एकमेकांत न मिसळणारे गट) होतात आणि प्रत्येकात बरोब्बर एकच ग्राउंड स्टेट बसते. सेक्टर वेगळे केले की लँक्झोसची अडचणच उरत नाही, शिवाय मॅट्रिक्सही लहान होतं.

प्रश्न : माझा अनुभव उलटा आहे. १६ स्पिनची चेन, लँक्झोसच्या २०० स्टेप्स केल्या, तर सगळ्यात खालची आयगेनव्हॅल्यू पाच वेळा आली. थिअरीप्रमाणे ग्राउंड स्टेट एकच असायला हवी. पाचपट डीजनरसी समजू का?

नका समजू. याला घोस्ट म्हणतात. कॉर्नेलियस लँक्झोस यांनी १९५० साली ही पद्धत मांडली तेव्हापासून हा त्रास तिच्या मागे आहे. कागदावर लँक्झोसचे सगळे व्हेक्टर एकमेकांना ऑर्थोगोनल असतात, पण कॉम्प्युटरच्या राउंड-ऑफमुळे, एखादी आयगेनव्हॅल्यू कन्व्हर्ज झाली रे झाली की ऑर्थोगोनॅलिटी गळायला लागते, आणि सापडलेलंच उत्तर परत नवीन म्हणून सापडतं. स्टेप्स वाढवा, कॉपीही वाढतील, आणि खरी डीजनरसी स्टेप्सच्या संख्येवर अवलंबून नसते यावरूनच पहिली शंका यायला पाहिजे.

खात्री करायची तर त्या पाचही आयगेनव्हॅल्यूंचे व्हेक्टर प्रत्यक्ष बनवा आणि एकमेकांशी ओव्हरलॅप (डॉट प्रॉडक्ट) घ्या. सगळे एकच व्हेक्टर निघाले (चिन्ह उलटं असू शकतं) तर घोस्ट. किंवा दर स्टेपला नवीन व्हेक्टर आधीच्या सगळ्यांशी परत ऑर्थोगोनल करा, म्हणजे फुल रीऑर्थोगोनलायझेशन. १६ स्पिनला ६५,५३६ स्टेट, २०० व्हेक्टर साठवायला जेमतेम १०० एमबी लागतील, लॅपटॉपवर आरामात होतं. त्यानंतरही दुसरी कॉपी दिसली आणि तिचा रेसिड्यूअल (आयगेनव्हॅल्यूचं समीकरण किती चुकतंय तो आकडा) छोटा असेल तर मात्र ती खरी आहे.

म्हणजे साधं लँक्झोस दोन्ही बाजूंनी फसवतं, खरी डीजनरसी लपवतं आणि नसलेली दाखवतं, त्यामुळे नुसती आयगेनव्हॅल्यूंची यादी बघून कॉपी मोजणं ही सगळ्यात भरवशाबाहेरची पद्धत आहे.

प्रश्न : सायपाय या पायथन लायब्ररीचं ईआयजीएसएच (eigsh) वापरतो. के, म्हणजे किती आयगेनव्हॅल्यू मागायच्या तो आकडा, किती द्यायचा? के = ४ दिलं, चार सारख्या एनर्जी आल्या, तर डीजनरसी चार ना?

चार किंवा चारपेक्षा जास्त, एवढंच म्हणता येतं! जोपर्यंत पुढची, वरची एनर्जी डोळ्यांनी दिसत नाही तोपर्यंत मोजणी पूर्ण झाली असं धरायचं नाही. के वाढवत न्या, उडी दिसली की थांबा.

पण ईआयजीएसएचच्या पोटात आरपॅक (आयगेनव्हॅल्यू काढणारी लायब्ररी) आहे आणि तेही एकाच व्हेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे दुसरी, तिसरी ग्राउंड स्टेट त्याला राउंड-ऑफच्या कृपेनेच सापडते. बऱ्याचदा सापडते, कधी एखादी सुटते आणि तिच्या जागी वरची लेव्हल येऊन बसते, वॉर्निंगही येत नाही. टॉलरन्स शून्य ठेवा (तिथे शून्य म्हणजे मशीन प्रिसिजन), एनसीव्ही (किती लँक्झोस व्हेक्टर धरायचे तो आकडा) सढळ हाताने वाढवा, आणि तरीसुद्धा दुसऱ्या मार्गाने तपासा.

सगळ्यात सोपा दुसरा मार्ग, ज्याला नवीन काही शिकावं लागत नाही, तो असा. वेगवेगळ्या रँडम सीडने साधं लँक्झोस समजा दहा वेळा चालवा, दर वेळी एकच ग्राउंड व्हेक्टर घ्या, पूर्ण कन्व्हर्ज झालेला. दहाही व्हेक्टरांचं ओव्हरलॅप मॅट्रिक्स बनवा, दहा बाय दहाचं, आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यू बघा. शून्य नसलेल्या जितक्या, तितकी डीजनरसी. वरच्या तीन स्पिनच्या रिंगला दहातल्या चार ठळक येतील आणि सहा शून्याला टेकलेल्या. दहाच्या दहा ठळक आल्या तर रन वाढवा. मला ही पद्धत मनापासून आवडते कारण ती लायब्ररीच्या आतल्या युक्त्यांवर अजिबात अवलंबून नाही.

मोठं काम असेल तर ब्लॉक लँक्झोस किंवा एलओबीपीसीजी घ्या, त्यात सुरुवातच एका व्हेक्टरऐवजी व्हेक्टरांच्या गठ्ठ्यापासून होते, आणि गठ्ठा डीजनरसीपेक्षा मोठा ठेवला की सगळ्या स्टेट एकदम मिळतात. मेमरीचा हिशोब मात्र आधी करा. ३० स्पिनला एक व्हेक्टर ८ जीबीचा होतो, सहाचा ब्लॉक म्हटलं तर नुसत्या सुरुवातीलाच ४८ जीबी गेले. तिथे परत सिमेट्रीच वाचवते.

प्रश्न : रँडमऐवजी मी नेहमी सगळे स्पिन वर असलेल्या स्टेटपासून सुरू करते, कोड सोपा होतो. चालेल का?

नाही. ती स्टेट टोटल एसझेडच्या एका टोकाच्या सेक्टरमध्ये आहे आणि हायझेनबर्ग हॅमिल्टोनियन तिला तिथून बाहेर पडूच देत नाही, तुमची क्रायलोव्ह स्पेस एका स्टेपमध्येच संपेल. सिमेट्रिक सुरुवात फक्त तेव्हाच करायची जेव्हा तो सेक्टर तुम्ही मुद्दाम निवडलाय आणि बाकीचे सेक्टर वेगळे चालवणार आहात.

प्रश्न : डीएमआरजीवर (डेन्सिटी मॅट्रिक्स रीनॉर्मलायझेशन ग्रुप) पीएचडी करतोय. ट्रान्सव्हर्स फील्ड आयझिंग चेन (शेजारचे स्पिन एकाच दिशेला राहू पाहतात आणि वरून आडवं फील्ड), फील्ड लहान. कधी सगळे स्पिन वरच्या दिशेचे येतात, कधी खालच्या. एक्झॅक्ट डायगोनलायझेशन केलं तर मात्र मॅग्नेटायझेशन शून्य. खरं कोण?

दोघेही. एक्झॅक्ट डायगोनलायझेशन फायनाइट चेनची अगदी खालची स्टेट देतं, जी 'सगळे वर' आणि 'सगळे खाली' यांची बेरीज असते, म्हणून मॅग्नेटायझेशन शून्य. तिच्या जोडीला वजाबाकीची स्टेट अगदी किंचित वर असते. डीएमआरजी, स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ मध्ये आणलेली पद्धत, स्टेटला मॅट्रिक्स प्रॉडक्टच्या रूपात ठेवते आणि कमी एन्टँगलमेंटच्या (तुकड्यांमधली क्वांटम गुंतागुंत कमी असलेल्या) स्टेट तिला स्वस्त पडतात. फील्ड शून्य धरलं तर 'सगळे वर' या स्टेटची चेन मधोमध कापली की एन्ट्रॉपी शून्य, आणि बेरजेची २ चा लॉग, म्हणजे ०.६९३. दोघांच्या एनर्जीतला फरक डीएमआरजीच्या अचूकतेच्या खाली गेला की ती कमी एन्टँगल्ड बाजूला घसरते. वर की खाली हे सुरुवातीच्या स्टेटवर ठरतं.

दोन्ही स्टेट हव्या असतील तर दोन रस्ते आहेत. एक, स्पिन-फ्लिप पॅरिटी कॉन्झर्व्ह करा आणि सम, विषम सेक्टर वेगळे चालवा, म्हणजे बेरीज आणि वजाबाकी दोन्ही स्वच्छ मिळतील. दोन, पेनल्टी लावा. पहिली स्टेट मिळाल्यावर हॅमिल्टोनियनमध्ये तिच्या प्रोजेक्टरला एका धन आकड्याने गुणून मिळवायचं, म्हणजे ती स्टेट तेवढी वर उचलली जाते आणि पुढच्या रनला तिला ऑर्थोगोनल असलेली सापडते, मग दोघींवर पेनल्टी लावून तिसरी, आणि एनर्जीत उडी दिसेपर्यंत असंच. पेनल्टीचा आकडा वरच्या लेव्हलपर्यंतच्या गॅपपेक्षा मोठा हवा, नाहीतर उचललेली जुनी स्टेटच परत खालची ठरू शकते, पण उगाच हजारपट मोठा ठेवला तर कन्व्हर्जन्स अडखळतो. गॅपच्या काही पट पुरे. शेवटी सगळ्या जोड्यांचे ओव्हरलॅप छापून बघायचेच, यात आळस करू नका.

एका गोष्टीवर मात्र विसंबू नका, एनर्जीचा व्हेरियन्स. तो शून्याजवळ आला म्हणजे तुम्ही कुठल्यातरी एका एनर्जी लेव्हलच्या स्पेसमध्ये पोचलात एवढं कळतं, ती ग्राउंडच असेल असंही नाही. आत किती जागा आहे हे व्हेरियन्स सांगत नाही, कारण त्या स्पेसमधल्या प्रत्येक व्हेक्टरला तो शून्यच असतो.

प्रश्न : दोन एनर्जींमध्ये १०^-९ चा फरक आहे. डीजनरेट म्हणू की नको? कटऑफ किती ठेवायचा?

एका साइझवरून हे कोणीच सांगू शकत नाही. साइझ बदलून फरक कसा कमी होतो ते बघावं लागतं.

वरच्याच आयझिंग चेनचं उदाहरण घ्या, ओपन टोकांची, फील्ड कपलिंगच्या निम्मं. बेरीज-वजाबाकीतला फरक साधारण (१/२)^एन ने कमी होतो. १० स्पिनला हजारात एक, २० ला दहा लाखात एक, ५० ला १०^-१५ च्या आसपास. आता ५० स्पिनची एकूण एनर्जी उणे ५० च्या पुढे असते आणि डबल प्रिसिजनमध्ये साधारण सोळा आकडे मिळतात, म्हणजे दशांशानंतर चौदा. फरक त्याच्याही खाली गेला! तुमचा कॉम्प्युटर तिथे दोन लेव्हल वेगळ्या दाखवूच शकत नाही, आणि दाखवल्या तर तो नुसता नॉइज आहे. अशा वेळी त्यांना डीजनरेट धरून दोघींची स्पेस एकत्र वापरणं हेच बरोबर.

फरकाचा लॉग विरुद्ध साइझ असा ग्राफ काढा. सरळ रेषेत खाली गेला तर एक्स्पोनेन्शियल, म्हणजे मोठ्या सिस्टीममध्ये खरी डीजनरसी. १/एन सारखा हळूहळू कमी झाला तर प्रकरण वेगळं आहे, गॅपलेस सिस्टीम असेल किंवा अँटिफेरोमॅग्नेटमधला अँडरसन टॉवर असेल, ज्यात टोटल स्पिन एसप्रमाणे एनर्जी एस(एस+१)/एन अशी वाढते. मजुमदार-घोष चेनमध्ये हा फरक फार छान दिसतो. चंचल मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ मध्ये दाखवलं की दुसऱ्या शेजाऱ्याचं कपलिंग पहिल्याच्या बरोब्बर निम्मं असेल तर रिंगवर दोन डायमर स्टेट (शेजारचे स्पिन जोड्याजोड्यांनी सिंगलेटमध्ये बांधलेल्या) अगदी एक्झॅक्ट डीजनरेट होतात, दर स्पिनमागे उणे ३/८. १२ स्पिनला एनर्जी उणे ४.५, दोन वेळा, फरक शून्य. निम्म्यापासून थोडं सरकलात की फायनाइट रिंगवर छोटा फरक उघडतो पण साइझबरोबर झपाट्याने मरतो, आणि कपलिंगचं गुणोत्तर ०.२४११ च्या खाली नेलं की डायमरपणाच जातो.

कटऑफचं म्हणाल तर फिक्स आकडा ठेवू नका. एनर्जी ओळीने मांडा, खालचा घोळका आणि त्याच्यावरची मोकळी जागा बघा, आणि कटऑफ त्या मोकळ्या जागेत टाका. घोळका आणि जागा वेगळे ओळखूच येत नसतील तर ती सिस्टीम अजून फार लहान आहे.

प्रश्न : मजुमदार-घोषच्या दोन डायमर स्टेट मी हाताने लिहिल्या पण त्यांचा ओव्हरलॅप शून्य येत नाही. चुकतंय का?

नाही चुकत. एन स्पिनच्या रिंगवर त्यांचा ओव्हरलॅप चिन्ह सोडून २^(१-एन/२) असतो, १२ स्पिनला १/३२. दोन्ही स्वतंत्र आहेत पण ऑर्थोगोनल नाहीत. सरासरी घेण्याआधी बेरीज आणि वजाबाकी करून नॉर्मलाइझ करा, त्या मोमेंटम शून्य आणि π च्या दोन स्टेट होतात. थेट डायमरांवर सरासरी घेतलीत तर छोट्या रिंगला उत्तर चुकेल.

प्रश्न : डीजनरसी तोडायला छोटंसं फील्ड लावलं तर सगळी कटकटच मिटेल ना?

सिमेट्री ब्रेकिंगची डीजनरसी असेल तर हो, एका टोकाला पिनिंग फील्ड लावणं डीएमआरजीत नेहमीचं आहे. पण मग तुम्ही एक विशिष्ट स्टेट निवडलीय हे लिहा, आणि फील्ड फरकापेक्षा मोठं पण गॅपपेक्षा बरंच लहान आहे ना ते बघा.

टोपोलॉजिकल डीजनरसी असेल तर लोकल फील्डचा काही उपयोग नाही, आणि हा सगळ्यात सुंदर भाग आहे म्हणून थोडं थांबून सांगते. किताएव्हचा टोरिक कोड (अलेक्सेई किताएव्ह यांचं मॉडेल) ३ बाय ३ च्या टोरसवर, म्हणजे समोरासमोरच्या बाजू जोडलेल्या जाळीवर, घ्या. जाळीच्या प्रत्येक कडेवर एक, असे स्पिन १८, स्टेट २,६२,१४४. हॅमिल्टोनियनमध्ये ९ स्टार (जाळीच्या एकेका बिंदूभोवतीच्या चार स्पिनचे गुणाकार) आणि ९ प्लॅकेट (एकेका चौकोनाभोवतीच्या चार स्पिनचे), सगळे एकमेकांशी कम्यूट होतात, प्रत्येकाची किंमत अधिक किंवा उणे १. सगळ्या स्टारांचा गुणाकार १ आणि सगळ्या प्लॅकेटचाही १, म्हणून १८ पैकी स्वतंत्र फक्त १६. अठरा स्पिन, सोळा अटी, उरतात २^२ = ४ ग्राउंड स्टेट, एनर्जी उणे १८. एक्सायटेशन जोडीनेच येतात, दर जोडीला ४, म्हणून पुढच्या लेव्हल उणे १४, उणे १०, अशा, एकूण नऊ. म्हणजे अडीच लाखांहून मोठ्या या मॅट्रिक्सवर साधं लँक्झोस नवव्या स्टेपला संपतं आणि चारपैकी एकच स्टेट हातात देतं. चालवून बघाच.

या चार स्टेट कुठल्याही लोकल ऑपरेटरला सारख्याच दिसतात. त्यामुळे एक चांगली बातमी अशी की लोकल करिलेशन हवी असतील तर इथे एका स्टेटमधून काढलेलीही चालतात, तीन स्पिनच्या रिंगच्या अगदी उलट. चौघींना वेगळं करायचं तर टोरसला पूर्ण वळसा घालणारे लूप ऑपरेटर लागतात, दोन दिशांचे दोन, त्यांच्या अधिक-उणे किमतींनी चार सेक्टर होतात. आणि एन्टँगलमेंट एन्ट्रॉपी मोजणार असाल तर सावध, कापलेला तुकडा टोरसला वळसा घालत असेल तर ती चारांच्या कुठल्या कॉम्बिनेशनमध्ये आहात त्यावर बदलते.

प्रश्न : इमॅजिनरी टाइम इव्होल्यूशन किंवा क्वांटम कॉम्प्युटर वापरला तर हा प्रश्न येत नाही असं ऐकलं.

येतो. इमॅजिनरी टाइममध्येही सुरुवातीच्या स्टेटचा ग्राउंड स्पेसमधला तुकडाच उरतो, लँक्झोससारखाच. क्वांटम कॉम्प्युटरवर फेज एस्टिमेशन केलं तरी एनर्जी कळते, स्टेट किती ते कळत नाही. सुरुवात बदलून परत परत चालवणं आणि ओव्हरलॅप मोजणं तिथेही चुकत नाही.

प्रश्न : माझ्या आणि सहकाऱ्याच्या कोडने त्याच तीन ग्राउंड स्टेट काढल्या, एनर्जी बारा आकड्यांपर्यंत जुळते, पण व्हेक्टर एकही जुळत नाही. कोणाचा कोड धरायचा?

व्हेक्टर जुळायचं काही कारणच नाही, तुमच्या तीन त्यांच्या तिघींची वेगवेगळी कॉम्बिनेशन असणार. तुलना स्पेसची करायची. तुमच्या तीन आणि त्यांच्या तीन यांच्यातलं तीन बाय तीनचं ओव्हरलॅप मॅट्रिक्स बनवा आणि सिंग्युलर व्हॅल्यू काढा. तिन्ही १ आल्या तर दोन्ही कोड बरोबर. एखादी १ पेक्षा कमी आली तर आधी रेसिड्यूअल तपासा, कोणाची तरी एक स्टेट नीट कन्व्हर्ज झालेली नसेल. रेसिड्यूअल छोटे असूनही ती १ पेक्षा कमीच राहिली तर चौथी ग्राउंड स्टेट आहे आणि तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या तीन उचलल्यात, चारची मागणी करून परत चालवा.